ते कधीचं?

कालच्या भरवशावर आज काहीही खरं मानू नये, असं मनापासून मानणारा माणूस मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत एकच होता, आणि तो माझा मेहुणा होता. सूर्य पूर्वेला उगवतो असं कोणी म्हटलं असतं, तरी त्याने "ते कधीचं?" असं विचारलं असतं. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर विक्रोळीच्या जुन्या दोन खोल्यांत एकटा राहायचा, पवईला नोकरीला जायचा आणि रविवारी आमच्याकडे मुलुंडला जेवायला यायचा. त्याला एकदा डॉक्टरकडे नेऊन तपासून घ्यावं, एवढ्या एका कामासाठी आम्ही दोघं त्याच्या शेवटच्या वर्षात झिजलो. ते झालं नाही. आता त्याच्याविषयी लिहायला बसलो की पेन पुढे सरकत नाही. सरकतं तेव्हा हसू येतं, आणि हसू आल्याचंच वाईट वाटतं.

त्याचं काम समजायला मला बराच काळ लागला. मी जन्मभर एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासली. माझा संबंध वेलांट्यांशी आणि अनुस्वारांशी. माणूस प्रोग्रॅम लिहितो, यंत्राला त्याची भाषा कळत नाही, म्हणून मधे कंपायलर नावाचा भाषांतरकार बसवलेला असतो, इथपर्यंत मी आलो होतो. पण हा भाषांतरकार मजकूर घासूनपुसून आटोपशीरही करतो. एका फेरीत पुनरुक्ती काढतो, दुसऱ्या फेरीत ज्या परिच्छेदापर्यंत कोणी पोचणारच नाही तो उडवतो, अशा पुष्कळ फेऱ्या. त्यांना ते लोक 'पास' म्हणतात. माझा मेहुणा यातली एकही फेरी स्वतः लिहीत नसे. कोणती फेरी कोणत्या फेरीनंतर, आणि एकीने बदल केल्यावर आधी काढून ठेवलेली कोणती माहिती अजून चालेल नि कोणती फेकून द्यायची, हे ठरवणारी व्यवस्था तो बांधायचा, आणि मग ती कुठे मोडते ते बघत बसायचा.

"म्हणजे तू मुकादम," मी म्हणालो.

"तसंच काहीतरी. भावोजी, तुमच्या पुस्तकातलं मधलं पान कोणी कापलं तर अनुक्रमणिकेचं काय होतं?"

"चुकते."

"मग ती नव्याने करायची. आणि कापणाऱ्याने सांगितलंच नाही तर?"

"तर तशीच छापून येते," मी म्हणालो, कारण एकदा तशी आलेली होती. त्या दिवसापासून तो मला आपल्याच धंद्यातला समजू लागला.

हीच व्यवस्था त्याने आमच्या घरालाही लावली. बायकोने एकदा स्वयंपाकघरातलं कपाट आवरलं, तर हा दारातूनच म्हणाला, "ताई, आता काय काय जिथल्या तिथे आहे ते सांग." ती वैतागून म्हणाली, "काही म्हणजे काही नाही!" "झकास! मग मी सगळं नव्याने शोधतो. पण सगळं तिथेच आहे असं सांगून एक जरी डबा हलवला असतास ना, तर वाट लागली असती." आणि खरोखरच त्याने चहासाठी प्रत्येक डबा उघडून पाहिला, साखर पहिल्याच डब्यात सापडली तरी.

ऑफिसात तो या व्यवस्थेची परीक्षा घ्यायला मुद्दाम लबाड फेऱ्या लिहायचा. त्या मजकुरात गुपचूप बदल करायच्या आणि 'मी कशालाही हात लावलेला नाही' असं वर कळवायच्या. व्यवस्थेने ती लबाडी पकडली की त्या आठवड्यात आमच्याकडे जिलबी यायची. हा प्रयोग त्याने एकदा आमच्या गणपतीत केला. बायकोने मांडलेल्या पूजेच्या ताटातली पंचामृताची वाटी उचलून खिडकीत ठेवली, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. गुरुजींनी सवयीने न बघता हात घातला तो थेट हळदीत.

"हे कोणी हलवलं?"

"मी. पण गुरुजी, तुम्ही बघितलं नाहीत. मागच्या वर्षी तिथे होतं म्हणून..."

"तुम्ही करता काय?"

"कशानंतर काय करायचं, त्याचा क्रम लावतो."

"तेच आम्हीही करतो. तुमचा क्रम शेवटी. एकदम प्रसादाला या."

त्याच्या लग्नाचा घाट आम्ही घातला नाही असं नाही. घाटकोपरला मुलगी पाहायला गेलो. माहितीपत्रकात छंदापुढे 'वाचन, गायन, भरतकाम' लिहिलेलं. पोह्यांची बशी हातात घेऊन याने विचारलं, "हे छंद कधीचे?" माझी बायको टेबलाखालून त्याला पाय मारायला गेली तो मला लागला. पण ती मुलगी हसली. "शाळेतले. आता फक्त झोप." परतताना हा हरखून गेला होता. "ताई, हिने स्वतःहून सांगितलं गं, जुनं आता चालत नाही म्हणून!" दोन दिवसांनी त्यांच्याकडून नकार आला. त्याने तो शांतपणे घेतला, फक्त पुढे किती तरी दिवस "त्यांचं मत बदललं का, एकदा विचारून बघायचं का रे भावोजी?" असं मधेच म्हणायचा. मला अरे म्हटल्याचं त्याच्या लक्षातही येत नसे.

मग तो आमच्या जिन्यात थांबायला लागला. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहायचा आणि वर आल्यावर खाली कोणाचं तरी कुत्रं पाहत होतो म्हणायचा. बायकोने कुत्र्यावर विश्वास ठेवला नाही.

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा."

"रिपोर्ट आहे ना माझा. नॉर्मल."

"कधीचा?"

तो म्हणाला, "नोकरीला लागलो तेव्हाचा."

"अरे मेल्या! आमच्या मिठाच्या डब्याला रोज जाब विचारतोस आणि स्वतःचं काय?"

"ऐक ना. त्यानंतर मी काही बदललंय का? तेच घर, तीच खुर्ची, तोच डबा. दारू नाही, सिगरेट नाही. काही हललंच नाही तर आधीचं उत्तर चालतं. हाच तर नियम आहे."

मी म्हणालो, "अरे, अनुक्रमणिका जुनी झाली असेल."

"भावोजी, पान कोणी कापलं ते दाखवा."

वय हा असा संपादक आहे की तो समासात खूण करत नाही. बायको रडली, तिने अबोला धरला, स्वतः वेळ ठरवून विक्रोळीला त्याला आणायला गेली. तो आधीच कामावर निघून गेला होता. नवी व्यवस्था लोकांच्या हातात जायची होती, तिची तपासणी चालली होती. "एवढं टेस्टिंग आटपू दे, मग तू म्हणशील तिथे येतो," असं त्याने फोनवर कबूल केलं. त्याच दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर तो ऑफिसच्या पायऱ्यांवर बसला, तो उठला नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या हाताखाली काम करणारी एक मुलगी आमच्याकडे आली. बराच वेळ पाण्याचा पेला धरून बसली. "सर आम्हाला फार ओरडायचे," ती म्हणाली. "सकाळी तपासलेलं दुपारी चालायचं नाही त्यांना. कोणी एक ओळ बदलली की सगळं पुन्हा." मुलगी गेल्यावर माझ्या बायकोने तो पेला पुन्हा पुन्हा विसळला.

नंतर तिने मला तपासणीला नेलं. सगळं ठीक निघालं. तो कागद तिने वाचला आणि माझ्याकडे दिला. जपून ठेवा म्हणाली नाही. आता रोज सकाळी मी वर्तमानपत्र उघडलं की ती समोर येऊन उभी राहते.

"कसं वाटतंय?"

"कालसारखंच."

"कालचं नको. आजचं सांगा."

मग मी वर्तमानपत्र बाजूला ठेवतो आणि खरोखर विचार करतो. परवा म्हणालो, "आज जड वाटतंय."

"छातीत?" तिचा चेहरा उतरला.

"नाही गं. तिथे नाही."

ती शेजारी येऊन बसली.