ओसाकातली बुचाची बंदूक

राम राम शहादेकर! मुलाकडे जपानला आलोय. आज दुपारी जे झालं, त्यातून अजून सावरलो नाही.

आम्ही नवरा-बायको ओसाकाच्या शिनसेकाई भागात गेलो होतो. रंगीत पाट्या, तळणाचा वास, जुने खेळ. थेट सारंगखेड्याची यात्राच! एका दुकानात फळीवर खेळणी मांडलेली, ती बुचाच्या बंदुकीने पाडायची. नातीसाठी लाकडी मांजर जिंकायचीच, असं सौ.ने ठरवलं.

मी म्हटलं, हे आपलं काम. तरुणपणी यात्रेत शेव-मुरमुऱ्याची गाडी लावायचो, तेव्हा शेजारच्या, बंदुकीने फुगे फोडायच्या खेळवाल्याचं बोलणं कानावर पडायचं. त्याच्या सगळ्या बंदुकांची नळी वाकवलेली. नेम जरा डावीकडे धरला तरच फुगा फुटायचा.

इथंही तसाच धरला. एकेक बूच वाया गेलं. दुकानातली म्हातारी दर वेळी हाताने खुणावायची, सरळ धरा. मी मनात म्हणायचो, बाई, मला फसवते का?

शेवटचं बूच सौ.ने घेतलं, नेम सरळ धरला. मांजर खाली!

सौ. आपल्या अहिराणीत म्हणाली, "ती बाई कवयनी सांगी ऱ्हायनी, सरय धरा! तुमले सरय काही दिखतंच नही का?"

मी नळी डोळ्याला लावून पाहिली. अगदी सरळ. म्हातारीने मांजर कागदात गुंडाळून, कमरेत वाकून माझ्या हातात दिली. मला तिच्याकडे बघवेना.

आपल्याला कोणी फसवू शकत नाही, याची मला घमेंड होती. पण खरं सांगणाऱ्या किती जणांना मी असंच खोटं ठरवलं असेल? मला दोन-तीन चेहरे आठवतायत. तुम्हाला?