पाणी डाव्या हाताला

श्यामलाक्का घोरपडे बोलायला लागल्या की बंगलोरजवळच्या येलहंक्याच्या बस स्टँडवरचे ऑटोवाले माना वळवून बघायचे. शाळा सातवीला सुटली होती. कायदा अर्धा त्या वर्तमानपत्रात वाचून शिकल्या, अर्धा भांडून. सरकारी ऑफिसात त्या शिरल्या की साहेब जेवायला गेलेले असायचे, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

भांडण सगळं एकाच गोष्टीचं होतं. घरामागची केरे. तळ्याला इकडे केरे म्हणतात, आणि जुन्या फौजेबरोबर येऊन इथेच राहिलेली त्यांची मराठा घरं त्या केरेला घरातलं वडीलधारं माणूस समजत. लग्न झालं, मूल तापातून उठलं, पोराला नोकरी लागली की तळ्याला उजवी घालायची. पाणी उजव्या हाताला ठेवून पुरी फेरी. डावी फेरी फक्त मेलेल्या माणसासाठी, दहाव्याला, आणि तीही पुरुषांनीच घालायची.

चौऱ्याण्णवला प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्यांनी वरच्या अंगाला राडारोडा टाकला आणि पाण्यापर्यंत कंपाउंडची भिंत घातली. फेरी तुटली. श्यामलाक्का लॉरीपुढे आडव्या झाल्या. पोलिसांनी उचलून नेलं. संध्याकाळी नवरा स्टेशनात डबा घेऊन आला, बाकावर बसला, "वांगं केलंय, स्वल्प तिखट झालंय" एवढंच म्हणाला. भिंत राहिली ती राहिलीच.

नवरा विठोजी तसाच, कमी बोलणारा. चाकांच्या कारखान्यात फिटर. दिवसभर लोखंडाचा आवाज, घरी बायकोचा. मला बोलायला मधे जागाच मिळाली नाही, असं तोच सांगायचा आणि हसायचा. पन्नाशीला आल्यावर त्याला डोंगराचा नाद लागला. जे. पी. नगरचा सुधींद्र, बँकेतला क्लार्क, एक गिर्यारोहण क्लब चालवायचा. रविवार आला की विठोजी पहाटे बूट घालून पसार. सावनदुर्ग, रामनगरचे कातळ. कधी नव्हे ते माणूस आपण होऊन काहीतरी मागत होता, म्हणून अक्का गप्प बसल्या.

पंच्याण्णवच्या जूनमध्ये क्लब गढवालला निघाला. बर्फात एक तळं आहे, त्याला पुरा वळसा घालून यायचं. निघायच्या दिवशी विठोजी उंबऱ्यात बसून नाडी बांधत होता.

"तिथं भिंत नसेल," अक्का म्हणाल्या.

"नसेल."

"मग तिथल्या पाण्याला माझ्या नावानं उजवी घाला. आपली इथली तुटली."

"लोकांच्या बायका शाल मागवतात."

"मला शाल नको. आणि अर्धी घालून घरी येऊ नका."

तो हसला, दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि गेला.

आला तो सुधींद्र. दारात उभा राहून पायाकडे बघत म्हणाला, बर्फावरून पाय सरकला, खाली तळं होतं, शोधलं, मिळाले नाहीत.

त्या दिवसापासून श्यामलाक्कांना नवं भांडण मिळालं. केरेची भिंत बाजूला पडली. क्लबच्या दारात त्या फलक घेऊन बसल्या, तिथला बोर्ड दगडानं फोडला, बँकेत काउंटरसमोर उभं राहून सुधींद्रला खुनी म्हणाल्या. कन्नड पेपरात फोटो आला. सुधींद्र एकदाही उलट बोलला नाही. त्यानं बोलावं, खोटं का होईना काहीतरी सांगावं, म्हणजे पुढचं भांडता येईल, याची त्या वाट बघत राहिल्या.

दीर भीमसेन म्हणाला, "वहिनी, दर्भाचा माणूस करून अग्नी देऊ. दिवस घालू. किती दिवस असं?"

"माणूस दाखव, मग दिवस घाल."

कुंकू त्यांनी पुसलं नाही. गल्लीतल्या बायका समोर काही बोलायच्या नाहीत, पाठ वळली की बोलायच्या. अक्कांना ते ऐकू यायचं. कपाळावरचं कुंकू त्या आणखी मोठं लावायला लागल्या.

वर्ष सरत आलं तेव्हा त्या पुन्हा बँकेत गेल्या. या वेळी आवाज खाली होता. "त्यांची फेरी राहिली. मला तिथं घेऊन चल. मी पुरी करते."

"अक्का, चढ कठीण आहे."

"मारताना कठीण नव्हता?"

"सरी, नेतो," सुधींद्र म्हणाला, आणि त्यानं रजेचा अर्ज लिहायला घेतला.

भीमसेननं परक्या पुरुषाबरोबर जाण्यावरून घर डोक्यावर घेतलं. अक्कांनी विठोजीची कारखान्याची खाकी पँट काढली, कमरेला दोरी आवळली आणि निघाल्या.

शेवटचं गाव मागे पडल्यावर तिघंच उरले. त्या, सुधींद्र आणि वाटाड्या मोहरसिंह. चढावर बोलायला श्वास पुरायचा नाही. अक्कांच्या आयुष्यात असं पहिल्यांदा घडत होतं. हिमनदीनं आणून टाकलेल्या सुट्या दगडांवर त्या गुडघ्यावर आपटल्या. सुधींद्रनं हात पुढे केला, त्यांनी दगड धरला. तंबूत तो चहा द्यायचा, त्या घ्यायच्या, आणि कप परत देताना त्याच्याकडे बघायच्या नाहीत.

तळ्याशी पोहोचले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. पाणी काळसर निळं, भोवती कडे, आणि उजव्या किनाऱ्यावर एक बर्फाची घळ सरळ पाण्यात उतरलेली. कुणी सांगायला नको होतं. अक्का घळीकडे बघत उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि हात बधिर होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

पहाटे मोहरसिंह निघाला तो घळीच्या दिशेनं. अक्का जागच्या हलल्या नाहीत.

"इकडून नाही. पाणी उजव्या हाताला ठेवायचं. आपण तिकडून निघू."

मोहरसिंह परत आला. तिकडून निघालो तर घळ दुपारी लागेल, त्यानं आपल्या हिंदीत समजावलं. पहाटे बर्फ लाकडासारखं असतं, उन्हानं त्याचा भात होतो. इथे सगळे पाणी डावीकडेच ठेवून फिरतात.

"सगळे फिरू देत. आम्ही डावी घालत नाही."

मोहरसिंह हसला. "दीदी, बंगलोरवाले सब एक जैसे हो. पिछले साल भी एक साहब यहीं अड़ गए थे."

"मोहर, राहू दे," सुधींद्र म्हणाला. पण समोर कुंकू लावलेली सवाष्ण होती, ती कुणाची कोण हे मोहरसिंहला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि तो सांगत गेला. साहेब मोठे शांत. रस्ताभर चार शब्द बोलले नसतील. पण इथे आल्यावर म्हणाले, पाणी उजवीकडेच. शेवटी तोड निघाली. त्यांनी एका पोर्टरला घेऊन तिकडून यावं, बाकीच्यांनी इकडून, पलीकडच्या टोकाला भेटायचं आणि त्यांनी आल्या वाटेनं परतायचं. टोकाला सगळे भेटले, चणे खाल्ले. मग साहेब उठले आणि परतायच्या ऐवजी घळीकडे चालू लागले. आम्ही हाका मारल्या. तर लांबूनच म्हणाले, घरवालीनं सांगितलंय, अर्धी घालून येऊ नको.

"हसत होते," मोहरसिंह म्हणाला. "हे साहब मागे धावले. पण भात झाला होता."

मोहरसिंहनं दोघांकडे पाहिलं, आणि मग त्याला काहीतरी कळलं असावं, कारण तो दोरी सोडवायच्या निमित्तानं लांब जाऊन बसला.

अक्का खाली बसल्या. पँटच्या गुडघ्याला विठोजीनं शिवलेलं ठिगळ होतं, त्याच्या टाक्यांवरून त्यांचं बोट फिरत राहिलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मी बँकेत तुला काय काय बोलले. तेव्हाही?"

"हो अक्का."

"मग थोबाड का नाही उघडलंस?"

सुधींद्र समोर बसला. "तुम्ही माझ्यावर ओरडत होतात तोवर उभ्या होतात. हे सांगितलं असतं तर तुम्ही कुणावर ओरडला असतात?"

ज्या आवाजाला आख्खं येलहंका वचकून असायचं, त्यानं एक वाक्य उंबऱ्यात बसलेल्या माणसाला सांगितलं होतं, आणि त्या माणसानं, जन्मात कधी नव्हे ते, कुणाशी तरी भांडून ते पाळलं होतं. अक्कांनी रडायला तोंड उघडलं, पण त्या हवेत रडायलाही श्वास लागतो. नुसतीच धाप लागली.

सुधींद्र म्हणाला, "आपण परत जाऊ. इथवर आलात, पुष्कळ झालं."

"अर्धी?" अक्का म्हणाल्या.

त्या उठल्या. उजवीच्या वाटेकडे त्यांनी एकदा बघितलं. मग वळल्या आणि मोहरसिंहसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चल. तुझ्या बाजूनं."

पाणी डाव्या हाताला आलं. ही फेरी कशाची ते सुधींद्रला ठाऊक होतं. विठोजीनंच कधीतरी रामनगरच्या कातळावर त्याला सांगितलं होतं. बायका ती घालत नाहीत हेही ठाऊक होतं. तो त्यांच्या मागून चालू लागला.

घळीत मोहरसिंह कुऱ्हाडीनं पायरी खोदायचा, अक्का तीत पाय ठेवायच्या. "यहाँ रुकना नहीं," तो म्हणाला. त्या थांबल्या नाहीत. फक्त डावा हात त्यांनी खाली सोडला होता, पाण्याच्या बाजूला, शेजारून चालणाऱ्या माणसाला लागेल असा. घळ ओलांडल्यावर हात पुन्हा वर घेतला. पुढची सगळी फेरी, पलीकडचं टोक, दगडांचे ढीग, ओढा, त्या मान खाली घालून चालल्या.

तंबूशी परतल्यावर सुधींद्रनं चहा केला. अक्कांनी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं आणि कपाळ पुसलं. सवयीनं गोल पुसायला गेल्या, ते सगळ्या कपाळावर पसरलं. पुन्हा पुसलं. मोहरसिंहनं तोंड फिरवलं.

"घरी गेल्यावर दिवस घालू," त्या म्हणाल्या. चढावर बसलेला आवाज अजून सुटला नव्हता. "भीमसेनला सांगते. तुम्ही जेवायला या, सुधींद्र अण्णा. आमच्यात मटण असतं त्या दिवशी. तुमचं वेगळं करीन."

"येईन अक्का."

त्यांनी कप पुढे केला. या वेळी त्याच्याकडे बघून.