एका बायकोचे तीन नवरे

माझ्या बायकोला सरकारी कचेरीत एकदम तीन नवरे निघाले, आणि तिन्ही मीच होतो.

ही हकीकत मी आजवर टाळली. नातवंडांनी विचारलं की मला खोकला यायचा. (माझा दमा त्यातूनच जन्मला, असं सुनेचं मत आहे.) पण लोक अजून माझ्या बायकोच्या, सोनाच्या नावानं हसतात, तेव्हा खरा विदूषक कोण ते एकदा कळू द्या.

मी पिंपरी पेंढारचा. तरुणपणी बोटीत बसून आफ्रिकेला गेलो आणि तिथल्या रेल्वेत लागलो. हुद्दा वॉटरमन. म्हणजे गाडी आली की बादली घेऊन डब्याडब्यापाशी धावायचं आणि उतारूंना पाणी पाजायचं. कामाची लाज नव्हती. धाक होता सासऱ्यांचा! पेठचे हे आमचे मामा मोठे बागायतदार, आणि त्यांचे थोरले जावई पोलिसात जमादार. म्हणून पहिल्या पत्रात मी लिहिलं, ‘पाणीखात्याचा अंमलदार झालो.’ यात फारसं खोटं नव्हतं. त्या खात्यात मी एकटाच होतो. पुढच्या पत्रात लिहिलं, ‘माझ्या झेंड्याशिवाय गाडी हलत नाही.’ (झेंडेवाला जेवायला गेला असताना एकदा दाखवला होता.) मग थोरल्या जावयांना बढती मिळाल्याचं कळलं, आणि त्या रागात मी स्वतःला ठेसनमास्तर करून टाकलं!

रजेवर आलो ते सोनाला न्यायलाच. त्यासाठी परवाना हवा होता. बायकोनं नवऱ्याचा हुद्दा स्वतः सांगायचा आणि तो रेल्वेच्या दाखल्याशी जुळायला हवा. सोनाची पेटी भरलेली होती. भावकीतल्या बायकांनी ओटी भरून, रडून, तिला निरोपही देऊन टाकला होता. आम्ही जुन्नरला गेलो. मामा पेठहून मुद्दाम गाडी जुंपून आले. जावयाचा हुद्दा त्यांना सरकारदरबारी ऐकायचा होता!

“बाई, नवऱ्याचं नाव आणि हुद्दा सांगा,” कारकून म्हणाला.

सोनानं पदर सावरला. नवऱ्याचं नाव नुसतं कसं घ्यायचं? ते उखाण्यातच!

“आफ्रिकेच्या ठेसनात वाजती घंटा, गणपतराव ठेसनमास्तर मिटवत्यात सायबाचा तंटा!”

मामांनी मिशी पिळली. कारकुनानं दाखला वर धरला. “यात तर पाण्याचं काहीतरी दिसतंय.”

सोना काय, तयारच होती. माझी पत्रं तिला पाठ होती, आणि प्रत्येक पत्रावर एक उखाणा!

“सोन्याच्या घागरीला चांदीचं झाकण, पाणीखात्याचे अंमलदार गणपतराव, त्यांच्या नावाचं बांधलं काकण!”

“अहो बाई, मास्तर की अंमलदार? एक काय ते बोला!”

सोना गोंधळली आणि गोंधळात तिनं तिसराही सोडला. “हिरवा झेंडा, लाल झेंडा, झेंड्याला काठी, गणपतरावांनी गाडी अडवली माझ्यासाठी!”

कारकुनाची लेखणी थांबली. “गाडी अडवतात?”

“अडवत्यात म्हंजी?” मामा उठलेच. “आमच्या पेठंच्या घाटात गाड्या अडवणारं समदं तुरुंगात हायत!”

कारकून म्हणाला, “एक मास्तर, एक अंमलदार, एक दरोडेखोर. बाई, यातला तुमचा नवरा कोणता?”

कचेरी हसली. पट्टेवाला तर भिंत धरून हसला. सोना खाली मान घालून उभी राहिली. मग हळूच माझ्याकडे वळली. “आवं, तुमीच सांगा की.”

‘मी पाणी पाजतो.’ बस, तीन शब्द! पण समोर मामा. मी छाती काढून म्हणालो, “दाखल्यात रेल्वेची चूक झालीय.”

“मग दुरुस्त करून आणा. तोवर परवाना नाही.”

भरली पेटी घेऊन सोना घरी परतली, आणि मी एकटाच बोटीवर चढलो. रेल्वे काही मला मास्तर करणार नव्हती. शेवटी तिकडून कचेरीला लिहिलं, ‘दाखला बरोबर आहे; चूक माझी आहे. मी पाणी पाजतो.’ कारकुनानं ते मामांदेखत वाचलं म्हणे. मामा म्हणाले, “पाणी पाजतुया? मग त्यात लपवायचं काय? पुण्याचं काम हाय की!”

पुढच्या वर्षी सोना ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर आली. ती कुठल्या गाडीनं येणार, ते मला ठाऊक नव्हतं. मी नेहमीसारखा “पाणी, पाणी!” ओरडत धावत होतो. बायकांच्या डब्यातून हिरव्या चुड्याची ओंजळ पुढं आली. मी वर पाहिलं, तर सोना! ती पोटभर पाणी प्यायली आणि तोंड पुसून म्हणाली, “मास्तर, पाणी लई ग्वाड हाय. ह्येच लिवलं असतं तर मी ह्याच्यावर बी उखाणा केला असता की!”

मी माफीसाठी तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या डब्यातून कुणीतरी ओरडलं, “पाणी!” गेलो.

जन्मभर ती मला मास्तर म्हणाली. मी “सोने, त्या कचेरीत...” असं सुरू केलं, की तिचं ठरलेलं, “मास्तर, आधी घागर भरून आणा.” घागर भरून येईपर्यंत माझा धीर आटलेला असायचा.

शेवटच्या दुखण्यात तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत बसलो होतो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. “सोने, माझं...”

“मास्तर,” ती म्हणाली, “हात हलतुया. सांडंल.”

आणि इतक्या वर्षांच्या वॉटरमनच्या हातून, खरंच सांडलं!