शेवटच्या आकड्यावरचं कुंकू

खारबावच्या दत्तू वायरमनची धम्मदिना दोन हजार सहा साली काल्हेरला केसरीनाथशेठच्या गोदामात कॉम्प्युटरवर लागली. गेटपास काढायचा, माल सोडायचा, एवढंच काम. पण दर रविवारी ठाण्याला जाऊन पोरीनं कॉम्प्युटरच्या राखणदारीचा कोर्स केलेला. चोर कुठून शिरतो नि त्याची पावलं कुठं उमटतात, ते शिकून आलेली.

गोदामात सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता. तिनं ज्याचा त्याला वेगळा करून दिला. कोण, कधी, कुठल्या मशीनवरून शिरला त्याची नोंद आपसूक राहील, अशी सोय केली.

शेठचा पुतण्या मनोज हसला. "मॅडम, आत कापडाच्या गठाणी हायेत, सोनं न्हाय."

शेठ विसराळू. त्यानं एकेकाला विचारून सगळ्यांचे पासवर्ड एका कागदावर ठळक लिहून घेतले. खंडेनवमीला वजनकाटा, हातगाड्या, सुतळीचे सुये मांडले, त्यांच्या शेजारी तो कागदही मांडला. "यो पन हत्यारच हाय आपला," बोलला, आणि वर कुंकू वाहिलं. मनोजनं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कागद फुलांबरोबर खाडीत गेला. फोटो मोठा होऊन केबिनच्या भिंतीवर लागला.

धम्मदिना बौद्धांची. पूजेच्या वेळी ती गेटवर ड्युटीला थांबलेली, त्यामुळं कागद पूजेत मांडल्याची नि फोटोची भानगड तिला कळलीच नाही.

आठवड्यानं चाळीस गठाणी गायब झाल्या. ती घरी गेल्यावर, संध्याकाळी सातला, तिच्याच पासवर्डनं गेटपास निघालेला. सकाळी शेठनं तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बाय, पासवर्ड कोनाला दिलास?"

"तुमच्याशिवाय कोणालाच न्हाय, शेठ."

"काका, पूजेलाबी आली न्हाय ती," मनोज बोलला. "तिला गोदामाचं काय पडलंय? पोलीस बोलवा."

पोलीस म्हंजे नोकरी गेलीच, वर खारबावात बापाला मान खाली घालून फिरावं लागलं असतं. तिनं मान वर केली आणि शेठच्या डोक्यामागचा फोटो दिसला. शेठच्या जाड अक्षरात तिचा पासवर्ड. शेवटच्या आकड्यावर मात्र कुंकवाचा ठिपका.

तिनं जाऊन त्या संध्याकाळची नोंद छापून आणली. सात ओळी. सहा वेळा चूक, सातव्याला बरोबर.

"मी सांगितला असता तर चोर चुकला नसता, शेठ. फोटोत त्याला शेवटचा आकडा दिसत नव्हता. एकपासून मोजत गेला. माझा आकडा सात हाय."

शेठनं वळून फोटो बघितला, मग कागद. सातही ओळींत मशीन एकच: केबिन. त्या संध्याकाळी शेठ गणेशपुरीला होता. केबिनची दुसरी चावी मनोजकडं.

मनोज बाहेर गेला. शेठनं कागदाची घडी करून खिशात घातली.

"घरातली गोष्ट हाय. पोलीस नको. आजपासून सगल्या मशीनींची राखण तुझी, पगार वाढवतो. पन ही गोष्ट बाहेर न्हाय गेली पायजे."

ती गेटवर आली. मनोज तिथंच उभा.

"मॅडम, खारबावला एकट्याच जाता ना? किती वाजता?"

ती सरळ आपल्या टेबलाशी गेली. त्या सात ओळी पुन्हा छापायला घेतल्या. नोंद कोरी होती. पुसणाऱ्याचं नाव तेवढं मशीननं राखलेलं: केसरीनाथ.

ती एक ओळ तिनं छापली, पिशवीत जेवणाच्या डब्याखाली दडवली, आणि उजेड असतानाच नाक्यावर टमटम धरली.