माळ्यावरची मीटिंग खाली आणणाऱ्या शुभदाताई

आधी आली सुलभा. तिचं तोंड बघूनच मी ओळखलं, हिच्या पिशवीत काहीतरी आहे. मागून रंजना. आम्ही तिघी भांडुपच्या गाळ्यात मालवणी मसाला करतो, तिघी बरोबरीच्या भागीदार. सुलभाने कागद काढला.

"काकी, रागावू नका. लागोपाठ तीन मीटिंगांना तुम्ही गैरहजर. करारात आहे ना, तीन चुकल्या की भागीदारी संपली."

साखरेच्या आजारापायी माझा उजवा पाय गुडघ्यापासून काढलाय, चाकाच्या खुर्चीत असते मी. तेव्हापासून ह्या दोघींनी मीटिंग माळ्यावर नेली. का, तर खाली मिरचीचा ठसका लागतो! इतकी वर्षं कुठे गेला होता ठसका?

मी म्हटलं, "गो सुलभे, सरळ सांग ना, लंगडी नको म्हणून."

"तसं नाही हो. आता नातवंडं बघा, टीव्ही बघा."

नातवंडं मी बघतेच. दोन नाती आहेत, मोठी नकलाकार आहे, सुलभाची चाल हुबेहूब करते. पण म्हणून मी धंदा सोडू?

सूनबाईने मला घाटकोपरला वकीलबाईंकडे नेलं. ज्यांना साठ वर्षं झाली म्हणून हे पुस्तक निघतंय, त्या आमच्या शुभदाताई. तीच पहिली ओळख. खुर्चीत बसल्यापासून मला कोणी काही विचारत नाही. डॉक्टर, बँकवाले, रिक्षावाले, सगळे सूनबाईशीच बोलतात. ताईंनी टेबल सोडलं, स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि मलाच विचारलं, "काकी, तुम्हाला काय हवंय?"

"भागीदारी. दुसरं काही नको."

नोटीस पाठवून त्या गप्प बसल्या नाहीत, स्वतः गाळ्यात आल्या. नेमकी मिरची कुटायला घेतलेली. ताईंना शिंकांवर शिंका. पण माळ्यावर चला म्हटलं तर हलल्या नाहीत. "काकी जिथे, तिथे बोलणं."

सुलभा म्हणाली, "मॅडम, ते अपंगांचे कायदे नोकरीवाल्यांना. ही आमची आपसातली भागीदारी."

"काकी नोकर नाहीत, मालकीण आहेत. मालकिणीशी भेदभाव केला तर चालतो, असं कुठल्या कायद्यात आहे? दाखवा मला." मध्ये एक शिंक. "आणि भागीदाराला काढायचं तर हेतू साफ लागतो. जिना चढता न येणाऱ्या बाईला माळ्यावर बोलवायचं आणि गैरहजर लिहायचं, हा साफ हेतू?"

मग त्यांनी मीटिंगची वही मागितली. रंजनाला सगळं लिहून ठेवायची खोड, शिंकलं तरी लिहील. तिन्ही पानांवर 'काकी गैरहजर', आणि त्याखाली तिच्याच अक्षरात, 'चहा काकींनी खालून पाठवला.'

"गैरहजर बाईने चहा केला?" ताईंनी विचारलं. "कसा झाला होता?"

"छान होता," रंजना बोलून गेली आणि तिलाच हसू फुटलं. सुलभा मात्र लालबुंद. कागद फाडायला निघाली, तो ताईंनी फाडू दिला नाही. मागे घेतला असं दोघींकडून सहीनिशी लिहून घेतलं आणि करारात ओळ घालायला लावली: मीटिंग तिथेच, जिथे तिघी पोचतील. तेव्हापासून मीटिंग खाली होते. ठसका लागला तर लागू दे. मला नाही लागत.

मी ताईंना मसाल्याचं पाकीट दिलं, म्हटलं, फार उपकार झाले. तशा चिडल्या! "उपकार म्हणालात तर हे परत करेन." पाकीट मात्र पिशवीत घालून मग चिडल्या, हे मी पाहिलं. अजून दिवाळीत फोन करतात, मीटिंग कुठे भरते ते आधी विचारतात आणि मग तब्येत.

शुभदाताई, देव तुम्हाला भरपूर आयुष्य देवो, धडधाकट ठेवो. आणि उद्या तब्येतीचं काही कमीजास्त झालंच, तरी ऑफिसला कुलूप लावायचं नाही. काम आहे. परवा मुलुंडहून दोघी बहिणी माझ्याकडे आल्या होत्या. थोरलीचा पार्लरमध्ये हिस्सा आहे. तिला ऐकू यायचं बंद झालं, तर भागीदारणी आता सगळं फोनवरच ठरवतात. मी सांगितलंय, सही कुठेही करू नकोस, करार घेऊन ये, आपण ताईंकडे जाऊ. गुरुवारी येतो म्हणाल्यात.