फ्रीजमधला कोरा चहा

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला, लेकीची ठरत आलेली सोयरीक मी एका बरणीपायी घालवायला निघालो होतो!

जळगावचा मे महिना. नळाला उकळतं पाणी. अशात मोबाईलवर पाहिलं, चहाची पानं गार पाण्यात टाका, बरणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, चहा तयार! आधण नाही, गॅस नाही, दूध नाही. सकाळी गाळला आणि बघतच राहिलो. काय तो रंग! पेल्याचा तळ दिसेल इतका नितळ, आणि जिभेवर कडवटपणाचं नाव नाही. विस्तवाशिवाय चहा होतो, हे मला पन्नास वर्षं कुणी सांगितलं का नाही?

त्याच दिवशी शिरपूरहून सोनलसाठी पाहुणे आले. मुलाचे वडील नाना आणि आई अक्का. सोनलला मुलगा मनापासून आवडलेला, त्यामुळे सगळं घर श्वास रोखून.

बायको दूध तापवायला उठली. "थांब! आज माझा चहा." ती काहीतरी सांगत होती, पण ऐकतो कोण?

नानांनी पेला पाहिला. अक्कांकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी हळूच काढून मांडीवर ठेवली. म्हटलं, भारावले!

अक्का तर उठून थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि बायकोच्या गळ्यात पडून "माय वं!" करून रडू लागल्या. बायकोला वाटलं, यांच्याच घरी कुणी गेलं. तिनेही गळा काढला. मी थक्क! अजून घोटही घेतला नव्हता हो कुणी!

त्या आवाजाने आत झोपलेले माझे वडील, आबा, बाहेर आले. "कोन गया रे?"

नाना आबांकडे बोट दाखवत ताडकन उठले. "आबा तर आठे शेतस! मंग कोन गया?"

"कुणीच नाही," मी म्हणालो.

"मंग कोरा चहा काबरं दिना?"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे पाहुण्याला बिनदुधाचा चहा एकाच घरी मिळतो, सुतकाच्या! मला ठाऊक नव्हतं? जन्मापासून ठाऊक! बरणीच्या नादात पार विसरलो.

दाराआड सोनल पांढरीफटक. बायको डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं, तुमच्याकडेच कुणी..."

नानांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "जी बाई आमनाकरता न इचारता रडनी, तिनाच घरमा सोयरीक पक्की!"

मला खरंच भरून आलं.

आबांनी तोवर नानांचा पेला रिकामा करून दुसरा भरून घेतला होता. "चांगला शे रे! मन्हा दहावाले हाऊच ठेव."

एवढ्या थोर चहाला आजवर मिळालेली ही एकुलती एक ऑर्डर, तीही आबांच्या स्वतःच्या दहाव्याची. आणि आबा ठणठणीत आहेत!