सगळे उजवीकडे सरका

आज सर्व्हिसिंगहून गाडी घेताना ग्रीस आणि नव्या रबराचा वास आला आणि मी मनाने थेट पानिपतच्या रस्त्यावर पोचले. रिटायर झालेले बाबा आईबरोबर पुण्याहून आमच्याकडे गुरुग्रामला आले होते. त्यांना पानिपतच्या लढाईचं स्मारक, काला अंब, बघायचं होतं, म्हणून आम्ही भाड्याने मोटरहोम घेतली. आत पलंग, ओटा, सगळं घरच. पण शेजारून ट्रक गेला की ते घर डुलायचं, आणि पुलाच्या वळणावर तर इतकं कललं की फळीवरचा लाडवांचा डबा आईच्या पायाशी आदळला. ड्रायव्हरने गाडी थांबवून खाली वाकून पाहिलं. “मॅडम, दोनों पहियों को जोड़ने वाला रॉड खुल गया है. एक तरफ झुकी तो दूसरी तरफ से संभलेगी नहीं. धीरे चलेंगे.” बाबांना तेवढंच हवं होतं. “रॉड नाही तर आपण आहोत! उजवं वळण, सगळे उजवीकडे सरका!” “बाबा, ही काय होडी आहे? बसा ना गप्प!” मी चिडले, तरी सरकले, आईही डबा पोटाशी धरून सरकली. पानिपतच्या गॅरेजमध्ये रबर बदलून रॉड पुन्हा जोडला आणि परतताना गाडी अगदी सरळ चालली. बाबा मात्र खिडकीशी बसून पुढची वळणं बघत होते. एका वळणावर त्यांनी हळूच विचारलं, “आता सरकायचं नाही ना?” “नाही हो,” मी सुटल्यासारखी म्हणाले. आज घरी येताना उड्डाणपुलाच्या उजव्या वळणावर, स्टिअरिंग धरून, मी एकटीच उजवीकडे सरकले.